सिकलसेल: बाळाचं 'बंद झालेलं' हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करता येईल का?

सिकलसेल घेऊन जन्मलेलं बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. सहा महिन्यांच्या आसपास त्रास सुरू होतो. हातापायांना सूज, रक्त कमी होणं, असह्य वेदना. आजार जन्मापासूनच असतो, मग तो इतके दिवस गप्प का बसतो?

महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यांत आणि विदर्भातल्या इतर काही समाजांतही हा आजार आढळतो. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर आपल्या जवळचं आहे.

आधी हिमोग्लोबिन समजून घेऊ

आईच्या पोटात बाळ वेगळ्या प्रकारचं, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन वापरतं. जन्मानंतर शरीर ते हळूहळू बंद करतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन सुरू करतं. सिकलसेलमधला बिघाड या दुसऱ्या हिमोग्लोबिनच्या जनुकात असतो. डीएनएचं फक्त एक अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात.

म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन असेपर्यंत बाळाला संरक्षण मिळतं. मग ते बंदच होऊ दिलं नाही तर?

इथे येतात छोटे आरएनए

डीएनए ही पाककृतींची जाडजूड वही समजा. मेसेंजर आरएनए म्हणजे त्यातल्या एका पानाची नक्कल. ती वाचून पेशी प्रथिन बनवते. मायक्रोआरएनए मात्र जेमतेम २२ अक्षरांचा असतो आणि स्वतः कुठलंही प्रथिन बनवत नाही. तो नक्कलेला चिकटतो आणि प्रथिन बनणं रोखतो.

व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रवकुन यांनी १९९३ मध्ये एक मिलिमीटर लांबीच्या अळीत हे पहिल्यांदा दाखवलं. २००० मध्ये रवकुन यांच्या गटाला 'लेट-७' नावाचा मायक्रोआरएनए सापडला. तो माणसातही असतो. या कामासाठी दोघांना २०२४ चं नोबेल मिळालं.

हाच लेट-७ नाळेतल्या रक्तापेक्षा मोठ्यांच्या रक्तात जास्त असतो. प्रयोगशाळेत तो दाबल्यावर मोठ्या माणसाच्या पेशी पुन्हा गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त बनवू लागल्या.

उपचार कुठवर आलेत?

गर्भातलं हिमोग्लोबिन बंद ठेवणाऱ्या मुख्य जनुकाचं नाव बीसीएल११ए. बॉस्टनच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच मूळपेशी काढल्या, या जनुकाला रोखणारा कृत्रिम छोटा आरएनए त्यांत बनेल अशी सोय केली आणि पेशी परत शरीरात सोडल्या. २०२१ मध्ये सहा रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले. सगळ्यांचं गर्भातलं हिमोग्लोबिन वाढलं होतं. पण सहा ही संख्या लहान आहे, आणि या उपचाराआधी कडक किमोथेरपी घ्यावी लागते.

दुसरी वाट क्रिस्परची. त्यातही डीएनएमधली नेमकी जागा शोधायला छोटा 'गाइड आरएनए' लागतो. अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेल्या अशा उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने 'बिरसा १०१' नावाचा देशी उपचार विकसित केलाय आणि तो परवडणारा करण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार केलाय. पण तो अजून सरसकट उपलब्ध नाही.

मग आज काय करायचं?

'आरएनए'च्या नावाने कोणी काढा किंवा पावडर विकत असेल तर पैसे वाया घालवू नका. असे आरएनए पोटात गेले की पचून जातात.

आज हातात आहे ती रक्ततपासणी आणि हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी. ही गोळीसुद्धा गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. केंद्र सरकारच्या २०२३ च्या मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. तुम्ही हिंगोलीतल्या साखऱ्यात असा किंवा गडचिरोलीत, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीबद्दल विचारा.

लग्न ठरवताना तर नक्कीच विचारा. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.