उपग्रहनियंत्रित वारंवारता मानक : नवशिक्याच्या जुळणीतील कळीचा प्रश्न

प्रस्तावना :
महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील वारंवारतामापक दहा आकडे दाखवीत असला, तरी त्यांपैकी किती विश्वसनीय आहेत हे त्याच्या आतील क्वार्ट्झ स्फटिकावर अवलंबून असते. वय व तापमान यांनुसार स्फटिकाची वारंवारता सरकते आणि मापकाला स्वतःची चूक दाखविता येत नाही. त्यासाठी बाह्य मानक आवश्यक ठरते. जीपीएस उपग्रहांवरील अणुघड्याळांमुळे असे मानक अल्प खर्चात घरीही उभारता येते.

कार्यपद्धती :
जीपीएस ग्राहक दर सेकंदास एक स्पंद देतो. स्थिर तापमानाच्या ओव्हनमध्ये ठेवलेल्या १० मेगाहर्ट्झच्या स्फटिक ऑसिलेटरची वारंवारता एक कोटीने भागून दुसरा स्पंद मिळविला जातो. मायक्रोकंट्रोलर दोहोंतील अंतर मोजून ऑसिलेटरचे नियंत्रण व्होल्टेज बदलतो. जोडणी एवढीच, ती एक-दोन संध्याकाळींत होते.

कालांकाची निवड :
खरी अडचण पुढे येते. जीपीएसचा स्पंद दीर्घकाळात अचूक असला, तरी क्षणोक्षणी काही दशक नॅनोसेकंद मागेपुढे होतो. ही चूक ५० नॅनोसेकंद मानल्यास एका सेकंदाच्या मापनात ती दोन कोटींत एक भाग होते. ८६,४०० सेकंदांच्या दिवसभरात मात्र पावणेदोन लाख कोटींत एक. याउलट चांगला ओव्हन-ऑसिलेटर एका सेकंदात हजार कोटींत एका भागाइतकाही ढळत नाही, परंतु दिवसागणिक सरकत राहतो. म्हणून अल्पकाळ स्फटिकावर व दीर्घकाळ उपग्रहावर विश्वास ठेवणे इष्ट. नवशिका नेमके उलटे करतो. फरक दिसताच दर सेकंदास जोराने दुरुस्ती केली जाते आणि उपग्रहस्पंदाची थरथर स्फटिकात उतरते. असे मानक मोकळ्या स्फटिकाहूनही वाईट! नियंत्रणाचा कालांक आरंभी थोडा ठेवून नंतर काही शे ते हजार सेकंदांपर्यंत वाढवावा. तो फार वाढविल्यास खोलीच्या तापमानातील चढउतार दुरुस्त होत नाहीत.

नियंत्रण व्होल्टेजही बारीक पायऱ्यांनी बदलावे लागते. एकूण आवाका २ हर्ट्झ असल्यास १६ बिटांची पायरी ०.००००३ हर्ट्झ येते. ८ बिटांची ०.००८ हर्ट्झ, जी येथे निरुपयोगी आहे.

पडताळणी :
पडद्यावरील शून्याजवळची चूक केवळ जीपीएसशी जुळणी दाखविते, वारंवारतेची शुद्धता नव्हे. त्यासाठी रुबिडियमसारख्या स्वतंत्र मानकाशी काही दिवस तुलना करावी लागते.