जोडभ्रूण मासे

दोन डोकीं व एकच शेपूट असलेलें माशाचें पिल्लू पाहून मन दचकतें, आणि ही सृष्टीची चूक असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु या चुकीसही नियम आहे. ट्राउट माशाच्या अंड्यांत बलकावर पेशींची एक चकती पसरते व तिच्या कांठावर भ्रूणाचा अंकुर फुटतो. क्वचित् असे दोन अंकुर फुटतात. ते जवळजवळ असल्यास वाढतां वाढतां मागील बाजूस एकरूप होतात. पुढें दोन मेंदू व दोन कणे, मागें एक शेपूट. ते समोरासमोर असल्यास पिल्लें केवळ बलकाच्या पिशवीनेंच जोडलेलीं राहतात. ग्लासगो येथील गेमिल यांनीं १९१२ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा विकृतींचें वर्णन केलें आहे.

याचें कारण काय? अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॉकार्ड यांनीं १९२१ सालीं दाखविलें कीं, फंड्यूलस माशाच्या अंड्यांची वाढ अंकुर फुटण्यापूर्वीं थंडीनें किंवा प्राणवायूच्या अभावानें खुंटविल्यास जोडभ्रूण निपजूं शकतात. अंकुर फुटल्यानंतर तोच आघात जोडी निर्माण करीत नाहीं. बीज तेंच, थंडीही तीच. भेद काय तो वेळेचा. ज्यास लोक शाप वा अपशकुन समजतात, तेथें अभ्यासकास वाढीचा क्रम उलगडलेला दिसतो.