७५ रुपयांचं जेवण, दीडशे रुपयांचा वेळ

पिंपळे गुरवच्या किराणा दुकानात उभं राहिलं की आज कितवी तारीख असेल ते गिऱ्हाइकाच्या मागणीवरून कळतं. सात ते दहा तारखेच्या दरम्यान कंपन्यांचे पगार होतात. तेव्हा लोक किलोभर तूरडाळ, लिटरचं तेल, पाच किलोचा आटा नेतात. पंचवीस तारीख उलटली की तीच माणसं दहाची चहापावडर, पाचचा मसाला, वीस रुपयांचं बेसन मागायला लागतात. या लहान पुड्यांचा किलोचा भाव काढून बघा. मोठ्या पाकिटापेक्षा तो बहुतेक वेळा जास्तच निघतो. खिशात सगळ्यात कमी पैसे असतात तेव्हा माणूस सगळ्यात महाग किराणा घेतो.

मी मूळची लातूर जिल्ह्यातली, औसा तालुक्यातली. आमच्या गल्लीत निम्मी घरं मराठवाड्याची, उरलेली खानदेश-विदर्भाची, आणि सगळे भाडेकरू. आमचे हे चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी ऑपरेटर आहेत, पोरगा औंधच्या आयटीआयला आणि पोरगी दहावीला. मी सकाळी पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये पोळ्या-भाजी करते. त्यामुळे सढळ हातानं केलेला स्वयंपाक आणि हात राखून केलेला स्वयंपाक रोज एकाच दिवसात माझ्या हातून होतो. दोन्हीकडचा हिशेब मला ठाऊक आहे.

वर्षाचं धान्य

हात राखून स्वयंपाक करायचा तर बचत चुलीपाशी फार थोडी होते, बरीचशी खरेदीत होते. आमच्याकडे त्यासाठी भिशी आहे. गल्लीतल्या बायका दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात आणि नंबर येईल ती एकरकमी उचलते. माझा नंबर मी मार्चच्या सुमाराला मागून घेते, कारण रब्बीची ज्वारी तेव्हा नुकतीच निघालेली असते आणि नवी तूरही डाळ होऊन आलेली असते. लातूरला डाळीच्या गिरण्या पुष्कळ. भाऊ तिकडून डाळ आणि मालदांडी ज्वारी ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून देतो आणि आम्ही पहाटे नाशिक फाट्यावर पोती उतरवून घेतो. ज्वारीला कडक ऊन दाखवायचं, कोठीत वाळलेला कडुलिंबाचा पाला घालायचा, डाळीला एरंडेलाचा हात फिरवायचा, मग कीड लागत नाही.

कांद्याचंही असंच. पावसाळी लाल कांदा टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळी कांदा हवेशीर जागी पसरून ठेवला तर काही महिने राहतो. चाकणची बाजारपेठ कांद्या-बटाट्याची, तेव्हा हे सुट्टीच्या दिवशी तिथूनच गोणी आणतात आणि आम्ही दोन-तीन घरं ती वाटून घेतो.

रेशनबद्दल एक गोष्ट भाडेकरूंना हमखास माहीत नसते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कार्ड गावचं असलं तरी आधार जोडलेलं असेल तर इथल्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं. सासू-सासऱ्यांनी त्यांचा वाटा गावात घ्यावा, आपण आपला इथे घ्यावा, असंही चालतं. पुष्कळांची कार्डं मात्र गावाकडे पेटीत पडून असतात आणि माणसं इथे चाळीस रुपये किलोनं तांदूळ घेतात.

तेल घेताना पुड्यावरचं वजन वाचावं. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. दिसायला तेवढाच वाटणारा पुडा ८५० ग्रॅमचाही असतो, आणि दोन रुपये स्वस्त म्हणून आपण तोच उचलतो.

दहा ग्रॅमचा भाव

सगळ्यात आधी कात्री लागते ती डाळीला. वरण पातळ होत जातं, भात वाढत जातो. पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं काढली. त्यातल्या नमुन्याच्या ताटात माणशी रोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत. चौघांचं घर धरलं तर महिन्याला दहा किलोंवर हिशेब जातो. आमच्या गल्लीत एवढी डाळ कुणाच्याच घरी शिजत नाही, माझ्याही नाही.

म्हणून मी पोरीला बसवून भाव वेगळ्या पद्धतीनं काढून घेतला. किलोचा भाव बाजूला ठेवायचा आणि दहा ग्रॅम प्रथिनं कितीला पडतात ते बघायचं. आमच्या दुकानातले ढोबळ भाव धरले तर सोयाबीनच्या वड्यांतून ती अडीच रुपयांत मिळतात. मसुरीतून पावणेचार, शेंगदाण्यातून साडेपाच, तूरडाळीतून सहा, अंड्यातून बारा आणि दुधातून एकोणीस रुपये पडतात. पनीर तर विसाच्या घरात जातं. भाव वरखाली होतील, पण क्रम सहसा बदलत नाही. अंड्याचं प्रथिन अंगी लागायला सरस असतं आणि दुधातून कॅल्शियम मिळतं, म्हणून वाढत्या पोरांची ही दोन्ही मी तोडत नाही. मोठ्यांनी मात्र तुरीचाच हट्ट धरायचं कारण नाही. आमच्याकडे आठवड्यातले दोन दिवस मसुरीचे, एक दिवस शेंगदाण्याच्या आमटीचा, एक सोयावडीच्या रश्शाचा. सोयावडी गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळली आणि काळ्या तिखटात परतली की पोरं कुरकुरत नाहीत.

आपल्या आजी-पणजीची जोडी शास्त्रालाही मान्य आहे. धान्यात लायसिन हा घटक कमी असतो आणि कडधान्यात मिथिओनिन कमी असतो. दोन्ही एका ताटात आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. भाकरी-आमटी, खिचडी, वरणफळं या सगळ्यांमागे हीच जोडी आहे. शेजारची खानदेशातली वहिनी कळण्याची भाकरी करते. ज्वारीत थोडे उडीद आणि मीठ घालून दळून आणलं की झालं. भाकरीतच डाळ गेली. सोबत ठेचा आणि कच्चा कांदा असला तरी भागतं.

मटकीला मोड आणायचे ते नुसत्या चवीसाठी नसतं. वाटीभर मटकी मोड आल्यावर दुपटीहून जास्त दिसते, हा पहिला फायदा. मोड येताना त्यातलं फायटिक आम्ल कमी होतं, त्यामुळे लोह अंगी लागायला सोपं जातं, आणि क जीवनसत्त्व तयार होतं. वाढताना वर लिंबू पिळलं तर लोह आणखी चांगलं शोषलं जातं. जेवण झाल्याझाल्या चहा घेतला की यातला बराचसा फायदा वाया जातो. नाईट शिफ्टला निघताना जेवण आणि चहा एकाच दमात उरकणाऱ्या माणसाला हे रोज सांगावं लागतं.

एका भांड्यात

गॅस वाचवायच्या युक्त्या सगळ्यांना माहीत असतात, त्यामुळे थोडक्यात सांगते. कडधान्य भिजवलेलं असावं, कुकरमध्ये खाली डाळ, वर भात, त्यावर बटाटे, आणि शिट्ट्या झाल्या की वाफ आपोआप जिरू द्यावी. खरी बचत पदार्थ निवडण्यात आहे. वरणफळांत पोळ्या लाटून भाजायच्या नसतात. तुरीचं सैल वरण फोडणी देऊन उकळायचं आणि कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे त्यात सोडायचे. एकाच भांड्यात चौघांचं जेवण होतं.

भाजी महाग झाली की आमच्याकडे येसर निघतो. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने आणि गरम मसाला भाजून, दळून ठेवलेलं पीठ म्हणजे येसर. लसणाची फोडणी द्यायची, पाणी उकळायचं, थंड पाण्यात कालवलेला येसर ओतायचा. पंधरा मिनिटांत घट्ट, खमंग आमटी तयार. पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी पन्नासच्या पुढे जाते तेव्हा येसर, सांडगे आणि पिठलं यांच्यावर आठवडा निघतो. दोडक्याच्या शिरांची चटणी होते, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात जातात, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी होते. संध्याकाळी आठनंतर हातगाडीवाले उरलेली पालेभाजी निम्म्या भावात देतात, पण ती त्याच रात्री निवडून ठेवायला हवी. आणि इथेच या सगळ्या स्वस्ताईचं खरं दुखणं सुरू होतं.

दीड तासाची मजुरी

रात्रीच्या एका साध्या जेवणाचा हिशेब देते. चौघांसाठी ज्वारीच्या भाकरी आणि मटकीची उसळ. अर्धा किलो ज्वारीचे २५ रुपये, दळणाचे ५. दीडशे ग्रॅम मटकी १८. तेल ५. कांदा, लसूण, कोथिंबीर, काळं तिखट, लिंबू मिळून १०. गॅस १२. एकूण ७५, म्हणजे माणशी १९ रुपयांच्याही आत. त्यात माणशी वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम लागतात. हे ऐकून लोक म्हणतात, एवढं स्वस्त असताना बायका वडापाव का आणतात?

आता पुढचा हिशेब. मटकी निवडणं, भिजवणं, बांधणं, दळण आणणं, लसूण सोलणं, भाकरी थापणं, ओटा आवरणं आणि भांडी घासणं मिळून दीड तास जातो. पिंपळे सौदागरला एका घरी रोज तासभर काम केलं की मला महिन्याला तीन हजार मिळतात, म्हणजे तासाला शंभर रुपये. त्या दरानं माझ्या घरच्या दीड तासाचे दीडशे झाले. ७५ चं जेवण २२५ वर गेलं, माणशी ५६ रुपये.

हा आकडा मी उगाच फुगवलेला नाही. राज्य सरकारनं २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू केली. दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात, दहा रुपयांत. पण शहरात त्या थाळीचा दर ५० रुपये धरला होता. दहा जेवणाऱ्याचे आणि चाळीस सरकारचे. सरकारला पन्नास धरावे लागले, कारण तिथे पोळ्या लाटणाऱ्या बाईला पगार द्यावा लागतो. ताट वेगळं आणि तेव्हाचे भावही वेगळे, तरी मजुरी धरली की माझ्या घरचा आकडा त्याच घरात येऊन बसतो. १९९५ ची एक रुपयातली झुणका-भाकरही अशीच होती. खाणाऱ्याचा एक रुपया सगळ्यांना आठवतो, पण त्या रुपयात भाकरीचा सगळा खर्च निघत नव्हता.

मुंबईच्या गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या बायकांना हे फार आधी उमगलं होतं. त्या गिरणी कामगारांना घरातच जेवू घालायच्या आणि किराणा उधारीवर आणायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, तेव्हा त्या बायकांच्या रांधण्याला पहिल्यांदा धंदा म्हणून मान मिळाला आणि बँका त्यांना कर्ज द्यायला लागल्या. आज आमच्या भागातही मेसचा डबा ऐंशी-शंभराला जातो, तो याच मजुरीमुळे.

तेव्हा महिनाअखेरीला पाकिटातल्या शेवया किंवा वडापाव आणणाऱ्या बाईला कुणी अडाणी म्हणू नये. दिवसभर पॅकिंगच्या कामावर उभी राहून ती आठला घरी येते. तिच्याकडे दीड तास उरलेलाच नसतो. मटकी स्वस्त आहे हे तिलाही कळतं, पण मटकी आदल्या दिवशी आठवावी लागते.

यावर आमच्या घरानं काढलेला तोडगा साधा आहे. आठवड्यात दोनच जेवणं भाकरी-उसळीची, बाकी एका भांड्यातली. कडधान्य भिजवणं आणि मोड बांधणं पोराकडे. हे सेकंड शिफ्टला असले की सकाळचा कुकर आणि लसूण सोलणं त्यांच्याकडे, फर्स्ट शिफ्टला असले की दळण आणि भाजी निवडणं. पोरगी किराणा लिहिते आणि पुड्यांची वजनं वाचते. तिची दहावी आहे, म्हणून भांडी तिच्यावर टाकलेली नाहीत, ती पोरगा घासतो. सुरुवातीला त्यानं मटकी इतकी भिजवली की दोन दिवस सकाळ-संध्याकाळ उसळच खावी लागली, पण कुणी मेलं नाही.

घरखर्चाची वही घालणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तारीख, जिन्नस आणि रुपये असे तीन रकाने सगळेच आखतात. चौथा रकाना आखा आणि त्यात लिहा, वेळ कुणाचा गेला. महिनाभर त्या रकान्यात एकच नाव दिसत असेल, तर तुमचं जेवण तुम्ही समजता तेवढं स्वस्त नाही.