ओसरीच्या बाकाला तेलाचा हात

होटगीच्या उन्हात ओसरीचा बाक तडकतो, पावसात फुगतो. नवे लाकूड परवडत नाही; असलेले मात्र घरीच टिकवता येते.

आम्ही हे काम पावसाआधी, सकाळी सावलीत करतो. कोरडे लाकूड रेषांच्या दिशेने पॉलिशपेपरने घासून पुसावे. रंग हवा असल्यास आधी लाकडाचा रंग लावून वाळवावा. मग बेलतेल, म्हणजे शिजवलेले जवसतेल, फडक्याने पातळ चोळावे. वीस मिनिटांनी वर उरलेले पुसावे. जाड थर चिकट राहतो. पुरते वाळल्यावर दुसरा हात द्यावा.

एवढे मात्र ध्यानात ठेवा. तेलकट फडक्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. जवसतेल वाळताना तापते. बोळ्यात उष्णता कोंडून काडीशिवायही आग लागते. फडकी पाण्यात भिजवून अंगणात सुटी पसरा, कडक वाळल्यावरच टाका. बाकापायी घर गमवायचे नाही.