उकंडरावांचा पणतू

विदर्भाबाहेरच्या माणसाला 'उकंडा' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. वऱ्हाडी बोलीत उकंडा म्हणजे उकिरडा, शेणकेराचा ढीग. तरीही यवतमाळ जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या पिढीत उकंडराव भेटतात, कुणाच्या नावात वडिलांच्या जागी उकंडाजी असतात. ज्या घरी मूल जगत नसे, त्या घरी नवं पोर झालं की ते क्षणभर उकंड्यावर ठेवायचं, दुसऱ्या कुणी ते उचलून आणायचं आणि नाव उकंडा ठेवायचं. जे आम्हीच टाकून दिलं, त्यावर यमाची नजर कशाला जाईल?

उकंडाच्या पंगतीत बरेच जण आहेत. कवडू म्हणजे कवडीमोलानं विकत घेतलेला. धोंडू, दगडू, कचरू, भिका यांचा अर्थ सांगायला नको. नथ्थू हा मुलगाच, पण मुलगी भासावी म्हणून नाक टोचून नथ घातलेला. मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. हे आईबाप दोन्ही एकदमच उरकत. दुसऱ्याची नजर लागण्याआधी आपणच पोराला नावं ठेवून मोकळे होत.

यावर हसू येत असेल तर एक आकडा पाहावा. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसाआधीच जात होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात तर १६ वर. उकंडा हे नाव कुणी बंद पाडलं नाही. लस आली, दवाखान्यातलं बाळंतपण आलं, धास्ती ओसरली आणि नावाची गरज संपली.

एकाच नावाच्या चार पायऱ्या

जुन्या नावांची दुसरी खूण शेपटाची. धोंडू हेच नाव गड्याच्या अंगावर धोंड्या होई, जरा वय झालं की धोंडबा, चार एकर कपाशी असली की धोंडूजी आणि वाड्यात धोंडोपंत. गजाननाचा गज्या, गजूभाऊ, गजाननराव असा प्रवासही तसाच. नाव बारशाला एकच मिळे. पण गाव ते माणसाच्या ऐपतीनुसार आणि जातीनुसार लांब-आखूड करी.

देवांची नावं तर घरोघरचीच. मारोतीला इकडे 'मारुती' क्वचितच म्हणतात. मारोतराव हे इकडचं नेहमीचं रूप. १८७८ साली शेगावात गजानन महाराज प्रकटले, १९१० साली त्यांनी समाधी घेतली आणि पुढं वऱ्हाडात घरोघरी गजानन जन्मले. चौकात उभं राहून 'गजूभाऊ' अशी हाक मारली, तर चारजण तरी वळून पाहतील. झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा या पट्ट्यातल्या गोंड-कोलाम वस्त्यांवर पंचांगाऐवजी वार कामी येई. सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगरू, बुधवारचा बुधा, शुक्रवारचा शुक्रू. जन्मतारीख लिहिलेली नसली, तरी वार माणसाच्या नावातच राही.

तीन घरं

नावांची हवा कशी बदलली, ते जिल्ह्यातल्या तीन प्रसिद्ध घरांत पाहता येतं. लोकनायक बापूजी अणे २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीत जन्मले. त्यांचं नाव माधव, वडिलांचं श्रीहरी. राज्याचे माजी महाधिवक्ता श्रीहरी अणे हे बापूजींचे नातू. म्हणजे घरातलं जुनं नाव फिरून पुढच्या पिढीत आलं. गेलेल्या माणसाचं नाव घरात पुन्हा घुमावं, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

दुसरं घर पुसदजवळच्या गहुलीचं. बंजारा तांड्यातले फुलसिंग नाईक. त्यांच्या घरी १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांचे बंधू राजूसिंग. राजूसिंगांचे सुधाकरराव आणि मनोहर, आणि मनोहररावांचे इंद्रनील व ययाती. फुलसिंग, राजूसिंग, मनोहर, इंद्रनील. तांड्याचं 'सिंग' एका पिढीत गळालं, मग सगळ्या महाराष्ट्रात चालणारं नाव आलं, त्यानंतर संस्कृत वळणाचं, सहसा दुसऱ्या घरात न सापडणारं. वसंतरावांच्या मुलांची नावंही अविनाश आणि निरंजन.

तिसरं घर बाभुळगावचं. स्वातंत्र्यसैनिक जवाहरलाल दर्डा यांचा जन्म १९२३चा. मुलं विजय आणि राजेंद्र, नातवंडं देवेंद्र, ऋषी, करण. 'जवाहरलाल' पासून 'ऋषी' पर्यंत येताना नाव किती आखूड झालं, ते उच्चारूनच पाहावं.

एक बदल मात्र कुठल्या एका घरातला नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत बारशाची भाषा बदलली. कचरू आणि धोंड्याच्या घरी सिद्धार्थ, राहुल, गौतम, मिलिंद, अशोक आले. पुढं प्रबुद्ध, सम्यक, तथागत. इतरांनी नावं बदलली ती हौसेनं. इथं नाव बदलणं म्हणजे दुसऱ्यांनी लादलेली पायरी झुगारून देणं होतं. सिद्धार्थचा 'सिद्धार्थ्या' करणं अवघड जातं, हेही त्या निवडीचं मोठं यश.

दुसरा नको

मग पुस्तक, मैदान आणि पडदा. बंगाली कादंबऱ्या मामा वरेरकरांनी मराठीत आणल्या, तेव्हापासून वाचक घरांना बंगाली वळणाच्या नावांची ओळख झाली. सचिन तेंडुलकरचं नावसुद्धा संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं. १९८९ साली तो मैदानात उतरला आणि पुढची कैक वर्षं पाळण्यांत सचिनच सचिन होते. अलीकडे संभाजी महाराजांवरच्या मालिकेनंतर शंभू, शंभूराज पुन्हा कानावर पडू लागले.

आज आरव, विहान, अथर्व, रुद्र, शौर्य, वेदांत यांची चलती आहे. त्यांच्या जोडीला 'अंश' घराण्याची रांग: शिवांश, देवांश, दिव्यांश, आयांश, रियांश. शिवांश, देवांश यांची फोड होते; रियांश मात्र अर्थासाठी नव्हे, नादासाठी घडवलेला. मुस्लिम घरांत अयान, रेहान रुळले आहेत. गल्लीत आयांशला हाक मारली, तर कधी अयानही दारात येऊन उभा राहतो.

हे का झालं? १९७१च्या सुमारास देशात एका बाईला सरासरी पाच मुलं होत; आता महाराष्ट्रात ही सरासरी दोनच्याही खाली आहे. पाच-सहा पोरांच्या घरात नावं पटापट ठेवली जात: राम, लक्ष्मण, मग नामदेव, पुंडलिक. आता सगळी हौस एका, फार तर दोन पाळण्यांत मावायला हवी. त्यात पत्रिकेचं अक्षर. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, एकूण १०८ अक्षरं. आणि त्यांत 'ङ', 'ञ', 'ण' सुद्धा. 'ण'वरून नाव शोधणाऱ्या आईबापांची तगमग ज्यानं पाहिली, त्यानं मोबाइलवरच्या नावांच्या याद्यांना दोष देऊ नये. पूर्वी आत्या पाळण्यात वाकून 'कुर्रर्र' करी आणि नाव बहुधा तिनंच सुचवलेलं असे. आज कुर्रर्र तिचंच आहे, पण नाव आधीच ठरून केकवर लिहिलेलं असतं.

आईबापांची अट एकच असते: वर्गात त्या नावाचा दुसरा नको. मला वाटतं, गोष्ट इथं उकंड्याशी जाऊन मिळते. उकंडाच्या आईला भीती होती की पोर उठून दिसलं तर हातचं जाईल. रियांशच्या आईला भीती आहे की ते उठून दिसलं नाही तर गर्दीत हरवेल. नावं टोकाची वेगळी, काळजी तीच.

पण सगळेच वेगळं नाव शोधू लागले की सगळे एकाच ठिकाणी पोचतात. वर्गात दोन आयांश निघतात. मग हजेरीला बाई मागचं नाव जोडतात, आयांश गजानन. ज्या बापाचं नाव चौकात चौघांचं होतं, तेच आता पोराला वेगळं करतं. मराठी माणसाच्या नावात बापाचं नाव मधोमध बसतं, म्हणून मुलाचं नाव दोन पिढ्या टिकतं. आजचा आयांशही उद्या कुणाच्या तरी नावात मधे बसेल.

आता त्या मधल्या जागेत आणखी एक नाव येऊन बसलंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. ही पोरं २०३०च्या सुमारास पहिलीत येतील. तेव्हा बाई विचारतील, "कोणता आयांश रे?" आणि मागच्या बाकावरचा उकंडरावांचा पणतू हात वर करून सांगेल, "आयांश सविता गजानन."