माईक हातात आला, आता गाणं कुठलं म्हणायचं?



संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं की ८ मार्चच्या कार्यक्रमाची बोलणी सुरू होतात. आधी रांगोळी, संगीत खुर्ची आणि उखाण्यांवर भागायचं. आता ग्रामसंघाच्या बैठकीत हमखास मागणी येते, "मॅडम, तो गाण्याचा स्पीकर आणा." स्पीकर येतो. मग माईक एकीच्या हातातून दुसरीच्या हातात सरकत राहतो. "तू म्हण." "मला न्हाई येत बाई." "माझा आवाज भसाडा हाय." शेवटी नेहमीच्याच दोघी गातात आणि बाकीच्या टाळ्या वाजवून घरी जातात.

खरं सांगू का, यातल्या बहुतेकींचा आवाज चांगला असतो. अडतं ते गाणं निवडताना. मी हे चूक करून शिकले. गेल्या वर्षी एका गावात गटाच्या सचिव ताईंना मीच भरीस घातलं आणि गाणंही मीच निवडलं, 'नटरंग'मधलं 'अप्सरा आली'. सगळ्यांना माहीत असलेलं गाणं, म्हणजे सोपंच असणार, असं मला वाटलं. सुरुवात बरी झाली. पुढं चाल वर चढली तसा ताईंचा आवाज फाटला, मागं उभी असलेली पोरं हसली आणि ताईंनी माईक खाली ठेवला. पुढच्या महिन्यात ग्रामसंघाच्या सभेत गटाचा अहवाल वाचायची पाळी त्यांची होती. त्यांनी कागद दुसरीच्या हातात दिला. "माईकवर नको," म्हणाल्या. ज्या बाई बँकेत साहेबासमोर न अडखळता बोलतात, त्या! तेव्हापासून मी कुणालाही गाणं देताना दहा वेळा विचार करते.

आधी कराओके म्हणजे काय ते बघू. गाण्यातलं नुसतं वाजप ठेवायचं, गाणारीचा आवाज काढून टाकायचा आणि ती जागा आपण भरायची. शब्द जपानी आहे. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हा ऑर्केस्ट्राचा तुकडा. १९७१ मध्ये जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाच्या वादकाने असं यंत्र तयार केलं. पाहुण्यांना गायचं असायचं आणि साथीला हा प्रत्येक ठिकाणी जाऊ शकत नव्हता, म्हणून ही युक्ती. त्याने पेटंट घेतलं नाही, नाहीतर आज कुठल्या कुठे गेला असता. म्हणजे हे यंत्र मुळात साध्या, न शिकलेल्या माणसाला गाता यावं म्हणूनच निघालं.

आता गाणं कसं पारखायचं. आपण सगळ्याजणी मुखडा गुणगुणतो आणि म्हणतो, हे येतं मला. मुखडा फसवतो. तो बहुतेक वेळा खालच्या सुरात असतो, अंतरा वर जातो. म्हणून आधी गाण्यातली सगळ्यात उंच ओळ शोधा आणि तीच म्हणून बघा. तीसुद्धा हळू पुटपुटून नाही, तर उभं राहून, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी एवढ्या आवाजात. गळ्याच्या शिरा ताणल्या किंवा आवाज चिरकला, की ते गाणं त्या पट्टीत आपलं नाही. दुसरी पारख श्वासाची. एक ओळ एका दमात पुरी होते का? दोन शब्दांत श्वास घ्यायला जागा आहे का? 'सैराट'चं 'झिंगाट' सगळ्यांना तोंडपाठ वाटतं, पण ते एकटीनं माईकवर म्हणून बघा, दुसऱ्या ओळीला धाप लागते. ते नाचायला ठेवा. 'जोगवा'मधलं 'जीव रंगला' संथ आहे म्हणून कुणी घेतं, पण त्यातले बारीक वळसे हरिहरन आणि श्रेया घोषाल यांच्या गळ्याचे आहेत. त्या दोघांना त्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे, आपण त्यांच्याशी कशाला स्पर्धा करायची!

पट्टीचं थोडं जास्त सांगते, कारण निम्म्या बायकांची अडचण इथंच आहे. भजनी मंडळात पेटीवाले विचारतात ना, "काळी एक का पांढरी दोन?" तीच ही पट्टी. कराओकेचा ट्रॅक बहुतेक वेळा मूळ गायिकेच्या पट्टीत असतो. लताबाई, आशाबाई ज्या उंचीवर सहज जायच्या, तिथं आपण पोचत नाही आणि मग वाटतं आपला आवाजच खराब. तसं नाही. ट्रॅक खाली आणता येतो. बऱ्याच कराओके अ‍ॅपमध्ये 'की' किंवा 'पिच' असं बटण असतं, ते एकेक घर खाली घ्या. दोन ते चार घरांत बहुतेक जणींचं काम होतं. यूट्यूबवर गाण्याचा वेग कमी करता येतो, पण त्यानं पट्टी बदलत नाही, हे लक्षात ठेवा. काही ताया पुरुषाच्या आवाजातलं गाणं घेतात. आवाज जाड असेल तर ते छान बसतं, बारीक असेल तर खालचे सूर ऐकूच येत नाहीत. घरी म्हणून बघितल्याशिवाय ठरवू नका.

मग घ्यायचं कुठलं? माझी पहिली पसंती अरुण दातेंच्या गाण्यांना. मंगेश पाडगावकरांचे शब्द आणि यशवंत देवांची चाल असलेलं 'या जन्मावर, या जगण्यावर' बोलल्यासारखं म्हणता येतं. 'साधी माणसं' या १९६५ च्या चित्रपटातलं 'ऐरणीच्या देवा तुला' हेही चांगलं. ठेका घणाच्या घावासारखा ठाम, त्यामुळे ताल चुकत नाही. फक्त पट्टी खाली घ्या, कारण गायल्यात लताबाई. आणि चालही त्यांचीच, 'आनंदघन' या नावानं त्यांनीच संगीत दिलं होतं. दोघींनी मिळून गायचं असेल तर 'मी डोलकर' घ्या. हेमंतकुमारांच्या खालच्या ओळी जाड आवाजाच्या ताईला, लताबाईंच्या वरच्या ओळी दुसरीला, आणि बाकीच्या सगळ्या कोरसला.

अगदीच भीती वाटत असेल तर 'इतनी शक्ती हमें देना दाता' घ्या. बैठकीच्या सुरुवातीला आपण ते म्हणतोच, म्हणजे सराव आपोआप झालेला आहे. मूळ गाणंही दोघींनी गायलंय, सुषमा श्रेष्ठ आणि आपल्या पुष्पा पागधरे यांनी. पाचजणींनी एका माईकवर म्हटलं तर कुणाचा आवाज कुठं अडला ते कळतसुद्धा नाही.

अभंगाच्या बाबतीत एक खबरदारी. आपल्या गावात भजनात म्हणतात ती चाल आणि रेकॉर्डवरची चाल एक नसते. 'माझे माहेर पंढरी' आपण टाळावर सहज म्हणतो, पण कराओकेवर भीमसेन जोशींनी गायलेली राम फाटकांची चाल येते. वाजप एकीकडे आणि आपण दुसरीकडे, अशी फजिती होते. अभंग म्हणायचा तर स्पीकर बंद करून टाळ घ्या.

अजून एक गोष्ट, जी मला उशिरा लक्षात आली. कराओकेत शब्द पडद्यावर पळतात. ज्या ताईंना वाचता येत नाही, किंवा अक्षर लावून लावून वाचावं लागतं, त्या "आवाज चांगला नाही" म्हणून माईक पुढं ढकलतात. खरं कारण त्या सांगत नाहीत. त्यात मराठी गाण्याचे शब्दसुद्धा कित्येकदा इंग्रजी अक्षरांत असतात, ते वाचताना मीही अडखळते. म्हणून नियमच करा, गाणं पाठ असेल तेच घ्यायचं आणि मोबाईलचा पडदा सगळ्यांसाठीच पालथा ठेवायचा. शेजारी एकीनं उभं राहून पुढच्या ओळीचा पहिला शब्द कानात सांगायचा, बस.

आणि पाठ काय असतं आपल्या आयांना, सासवांना? ओव्या. आपला जिल्हा जनाबाईंचा, गंगाखेड त्यांचं जन्मगाव. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यात आपल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. 'पारी'च्या संकेतस्थळावर तो मोबाईलवर ऐकता येतो, जरूर ऐका. ओवीची चाल चार-पाच सुरांत फिरते, श्वास जात्याच्या फेऱ्यावर बसलेला असतो. ज्यांना वाटतं आपल्याला गाताच येत नाही, त्यांच्यासाठी याहून सोपं गाणं मला तरी माहीत नाही. ट्रॅक लागत नाही, नेट लागत नाही.

नेटवरून आठवलं. ट्रॅक आदल्या दिवशीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. एका गावात ऐन अंतऱ्याला साबणाची जाहिरात लागली होती. माईक तोंडापासून चार बोटं लांब धरा, स्पीकरच्या समोर उभं राहू नका, नाहीतर शिट्टी वाजते. पूर्ण गाणं म्हणायची सक्ती नाही. मुखडा आणि एक अंतरा झाला की थांबा. आणि मागं हसणाऱ्या पोरांना आधीच खुर्च्या मांडायच्या कामाला लावा.

नावं आणि गाणी फेब्रुवारीच्या बैठकीत ग्रामसंघाच्या लिपिका ताईंकडे द्या, सोबत पट्टी किती घरं खाली हवी तेही सांगा. त्या सचिव ताईंना मी मागच्या आठवड्यात विचारलं, यंदा म्हणणार का? तूर झोडत होत्या. म्हणाल्या, "म्हणीन. पण गाणं मी निवडीन, तू नको."