एक इमारत, अनेक उपयोग



पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे यवतच्या अलीकडे दौंड तालुक्यांतील कासुर्डी लागतें. अशा टापूंतील एखादें महाविद्यालय वाढूं लागलें कीं पहिली अडचण येते ती जागेची. प्रयोगशाळा हवी, ग्रंथालय हवें, सभागृहही हवें. पैसा मात्र एकाच इमारतीपुरता जमलेला असतो. तो कोणाच्या तरी कष्टांचा असतो; म्हणून चुकीची इमारत उभी राहिली तर ती चूक दोन पिढ्यांना भोगावी लागते.

वाढ ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ सालीं शनिवार पेठेंतील गद्रे वाड्यांत सुरू झालें, आणि १८९५ सालीं टेकडीच्या पायथ्याशीं स्वतःच्या वास्तूंत गेलें. वाड्यापासून वास्तूपर्यंत दहा वर्षें लागलीं. यावरून बोध घ्यावयाचा तो इतकाच कीं, आजची गरज मोजतांना दहा वर्षांनंतरची गरजही डोळ्यांपुढें ठेवावी.

आतां थोडें गणित करूं. एक खोली रोज ६ तास, आठवड्यांतून ६ दिवस वापरली तर ३६ तास होतात. पांच विषयांना प्रत्येकीं १२ तास लागत असतील तर एकूण ६० तास झाले. प्रत्येक विषयाला स्वतंत्र खोली दिली तर पांच खोल्या बांधाव्या लागतील, व त्या दोन-तृतीयांश वेळ कुलूपबंद राहतील. वस्तुतः दोन खोल्यांत हे तास मावतात. वेळापत्रकाची ओढाताण टाळण्यासाठीं तिसरी पुरे. उरलेल्या दोन खोल्यांचा पैसा ग्रंथालयाला जातो.

परंतु सर्वच खोल्या सर्वांच्या करतां येत नाहींत. रसायनशाळेला पाणी, मोरी व धूर जाण्याची वाट लागते. म्हणून अशा खोल्या एकाच टोकाला, एकावर एक घ्याव्या. ग्रंथालयाला शांतता हवी. तें सभागृहाच्या भिंतीला भिडवूं नये. सभागृहाला बाहेरून स्वतंत्र दरवाजा असावा, म्हणजे संध्याकाळीं गांवची सभा भरली तरी बाकीची इमारत बंद ठेवतां येते. आणि एक टोक असें सोडावें कीं पुढें तेथूनच नवा भाग जोडतां येईल.

जमिनीचा विचार याहूनही आधीं करावा. भीमा व मुळा-मुठा यांच्या काठच्या मुलुखांत काळी जमीन पुष्कळ. ती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. पाया मुरमापर्यंत अथवा खडकापर्यंत नेला नाहीं तर भिंतींना तडे जातात. वरचा मजला पुढें चढवावयाचा असेल तर त्याचा भार आजच्याच पायांत धरावा. मागाहून पाया बळकट करणें महाग पडतें.

मग ऊन. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळचें व तिसऱ्या प्रहरचें तिरपें ऊन आखूड भिंतींवरच पडतें. दक्षिणेकडील ४ फूट उंच खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असला तर मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत मध्याह्नीचें ऊन आंत येत नाहीं. डिसेंबरांत सूर्य दुपारीं सुमारें ४८ अंशांवरच असतो. तेव्हां हवेंसें ऊन आपोआप आंत येतें. विजेचा खर्च येथेंच वांचतो.

शेवटीं चौकाची गोष्ट. पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेची रचना वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिआ यांनीं केली. तेथें मध्यें कुंडासारखी पायऱ्यांची जागा व मोकळे चौक आहेत. त्यांत माणसें बसतात व बोलतात. आपल्या जुन्या वाड्यांना हें ठाऊक होतें. चौकाला छपराचा खर्च नाहीं. तोच सकाळीं प्रार्थनेला, दुपारीं डबे खाण्याला आणि रात्रीं नाटकाला उपयोगी पडतो.

म्हणून नकाशा काढण्यापूर्वीं वेळापत्रक मांडावें, जमीन खणून पाहावी, व सूर्य कोठून कोठें जातो तें एक वर्षभर टिपून ठेवावें. नकाशा पुसतां येतो, भिंत नाहीं.